डरेल रीव्हिस: ज्याच्या दिशेला बॉल टाकणंच लोकांनी बंद केलं

मेटलाइफचा_वारकरी:

इथे क्रिकेट, टेनिस, एफवन, झालंच तर बुद्धिबळ, सगळ्यावर शंभर शंभर प्रतिसादांचे धागे आहेत पण अमेरिकन फुटबॉल म्हटलं की मंडळी सुपर बोलच्या रात्री चिकन विंग्ज खाण्यापुरती येतात आणि हाफटाइम शो बघून घरी जातात. म्हणून म्हटलं आपणच एक धागा काढू, आणि तोही क्वार्टरबॅकवर नको, ब्रेडी आणि मॅनिंगवर लिहायला जग पडलंय. कॉर्नरबॅकवर काढू. आणि माझ्यासारख्या न्यूयॉर्क जेट्सच्या करंट्या भक्ताला कॉर्नरबॅक म्हटलं की एकच नाव सुचतं. डरेल रीव्हिस, नंबर २४.

ज्यांना खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रिसीव्हर म्हणजे लांब पळत जाऊन क्वार्टरबॅकने टाकलेला बॉल झेलणारा गडी. कॉर्नरबॅकचं काम त्याला झेलू न देणं. मेख अशी की रिसीव्हरला माहीत असतं आपण कुठे पळणार आणि कुठे वळणार, ह्याला काहीच माहीत नसतं. तो सरळ पळतो, हा बराच वेळ उलटा पळतो. वर १९७८ पासून नियम असा की पहिल्या पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला ढकलायचं नाही, धरायचं नाही, नाहीतर पिवळा फ्लॅग पडलाच. म्हणजे डाव आधीपासून ह्याच्या विरोधातच मांडलेला.

तर अशा खेळात २००९ साली ह्या माणसाने काय केलं बघा. सीझनची पहिलीच मॅच ह्यूस्टनशी. समोर आंद्रे जॉन्सन, त्या वर्षी आणि आदल्या वर्षीही अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त यार्ड काढणारा रिसीव्हर. त्याला मिळाले ४ कॅच, ३५ यार्ड. पुढच्या रविवारी पेट्रियट्सचा रँडी मॉस, ४ कॅच, २४ यार्ड. कॅरोलायनाचा स्टीव्ह स्मिथ, १ कॅच, ५ यार्ड. जुन्या जायंट्स स्टेडियममधली शेवटची मॅच, ३ जानेवारी २०१०, सिनसिनाटीला आम्ही ३७-० ने झोपवलं तेव्हा चॅड ओचोसिंकोला एकही कॅच नाही. शून्य! हे सगळे त्या काळातले बाप लोक आहेत, कोणी ऐरेगैरे नव्हेत. दर रविवारी समोरच्या टीमचा सगळ्यात भारी रिसीव्हर उचलायचा आणि तो जाईल तिकडे त्याच्या मागे जायचं, डावीकडे गेला तर डावीकडे, उजवीकडे गेला तर उजवीकडे, मदतीला बहुतेक वेळा मागे कोणीही नाही. म्हणून लोक त्याच्या बाजूला 'रीव्हिस आयलंड' म्हणायला लागले. बेटावर सोडलेला माणूस, सुटका नाही.

त्या सीझनला ६ इंटरसेप्शन (समोरच्याचा पास मध्येच झेलून पळवणं) आणि ३१ पास हाताने उडवलेले. तरी डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर चार्ल्स वुडसनला दिलं. वुडसन ग्रेटच आहे, वाद नाही, पण हा राग माझा अजून गेलेला नाही.

येऊ द्या प्रतिसाद.

अडाणी_प्रेक्षक:

छान धागा. एक बाळबोध शंका. नेटवर बघितलं तर ह्याचे अख्ख्या करियरमध्ये २९ इंटरसेप्शन दिसतायत १४५ मॅचमध्ये. डिऑन सँडर्सचे ५३, तुम्ही म्हणताय त्या वुडसनचे ६५. मग हा सगळ्यात भारी कसा काय? २०१० ला तर एकही नाही, आणि त्या वर्षीही म्हणे ऑल-प्रो, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत!

उगाचच_काका:

अहो अडाणीराव, बापू नाडकर्णी आठवा. १९६४, मद्रास टेस्ट, इंग्लंडविरुद्ध ३२ ओव्हर, २७ मेडन, ५ रन, विकेट शून्य. लागोपाठ २१ मेडन! विकेटच्या रकान्यात भोपळा आहे म्हणून बापू वाईट होते का? ह्या माणसाचंही तसंच दिसतंय, फक्त इथे फलंदाजाला दुसऱ्या टोकाला जाऊन दुसऱ्या बोलरला मारायची सोय आहे.

मेटलाइफचा_वारकरी:

काका __/\\__ शेवटचं वाक्य एकदम बरोबर. इंटरसेप्शन करायला आधी तुमच्याकडे बॉल यावा लागतो. २००९ नंतर समोरच्या टीमचे डाव आखणाऱ्या कोऑर्डिनेटर लोकांनी प्लॅन बनवतानाच मैदानाची ती बाजू खोडून टाकली. क्वार्टरबॅक तिकडे बघायचाच नाही. २०१० च्या सीझननंतरच्या प्लेऑफमध्ये इंडियानापोलिसला जाऊन आम्ही कोल्ट्सला १७-१६ हरवलं, त्यात रेजी वेनला १ कॅच, १ यार्ड! समोर पेटन मॅनिंग असताना. वेन मॅचनंतर वैतागला होता की मला बॉलच मिळाला नाही तर मी मैदानात काय करत होतो.

आणि ह्याचा फायदा फक्त एका रिसीव्हरपुरता नाही हे लक्षात घ्या. आमचा कोच तेव्हा रेक्स रायन. त्याला ब्लिट्झचं व्यसन. ब्लिट्झ म्हणजे क्वार्टरबॅकवर नेहमीपेक्षा जास्त लोक सोडायचे. आता ११ मधले जास्त लोक पुढे सोडले की मागे माणसं कमी पडणार, हे साधं गणित आहे. बाकीच्या टीम्स समोरच्या मोठ्या रिसीव्हरवर दोन माणसं लावतात, एक कॉर्नर आणि वर एक सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागे राखण करणारा. रीव्हिस असला की तो सेफ्टी मोकळा. तो सेफ्टी रायन दुसरीकडे वापरणार, कधी रन थांबवायला, कधी क्वार्टरबॅकच्या अंगावर. म्हणजे रीव्हिस एकटा दीड माणसाचं काम करायचा आणि त्याचा उरलेला अर्धा माणूस दुसऱ्याच कोणाच्या स्टॅट्समध्ये दिसायचा. २००९ ला जेट्सचा डिफेन्स लीगमध्ये पहिला आला, यार्डातही आणि पॉइंट्समध्येही. ऑफेन्सला क्वार्टरबॅक मार्क सँचेझ, रुकी, म्हणजे लीगमधलं पहिलंच वर्ष. त्या जिवावर आम्ही लागोपाठ दोन वर्षं एएफसी फायनलला (सुपर बोलच्या एक पायरी आधी) गेलो. दोन्ही हरलो तो भाग वेगळा.

नंदिनी_फॉक्सबरो:

वारकरीदादा भक्ती समजू शकते पण एक बाजू तुम्ही सोयीने विसरताय. हा माणूस टीमचा कधीच नव्हता, चेकबुकचा होता. २००७ ला रुकी असताना कॅम्पला तीन आठवडे गेला नाही. २०१० ला काँट्रॅक्टची तीन वर्षं बाकी असताना पुन्हा महिनाभराहून जास्त घरी बसला. मग टॅम्पा, मग आमच्या पेट्रियट्सकडे एक वर्ष, रिंग घेतली आणि परत जेट्स. पैसा दिसेल तिकडे.

आणि सुपर बोल त्याला मिळाला तो आमच्याकडेच हेही लिहा की धाग्यात :)

पिट्सबर्गचा_पांडू:

नंदिनीताई, होल्डआउटचं, म्हणजे काँट्रॅक्टसाठी घरी बसण्याचं, मूळ बघायचं असेल तर त्याच्या गावात बघावं लागेल, जरा मोठं लिहितो.

आलिक्विपा, पेनसिल्व्हेनिया. इथून पिट्सबर्गहून ओहायो नदीच्या कडेने वायव्येला गेलं की लागतं. आज वस्ती दहा हजाराच्या आत. नदीकाठी जोन्स अँड लाफलिनची मैलोन्‌मैल पसरलेली स्टील मिल होती, गाव तिच्याचमुळे वसलं. ऐंशीच्या दशकात मिल आटपली. रीव्हिसचा जन्म जुलै १९८५ चा, म्हणजे गावाचा धंदा बसत असतानाच हा जन्मला. आपल्याकडे गिरणगावाचं जे झालं ते ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

आणि एवढ्याशा गावातून माइक डिटका, टाय लॉ आणि रीव्हिस असे तीन लोक हॉल ऑफ फेममध्ये. टाय लॉ पण कॉर्नरबॅकच. जानेवारी २००४ मध्ये पेट्रियट्सकडून एएफसी फायनलला त्याने मॅनिंगचे ३ पास पळवले आणि त्यात इतकी धरपकड झाली की लीगने पुढच्या सीझनला पाच यार्डांचा तो नियम कडक केला. वारकरींनी वर १९७८ चा नियम सांगितला, तोही लोक आमच्या स्टीलर्सच्या मेल ब्लाऊंटच्या नावाने ओळखतात. म्हणजे नियम बिघडवणारे सगळे आमच्याच भागातले :P

आता मूळ मुद्दा. रीव्हिसचा सख्खा मामा शॉन गिल्बर्ट. १९९२ ला ड्राफ्टमध्ये (टीम्स पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) तिसरा गेलेला डिफेन्सिव्ह लाइनमन. १९९७ ला वॉशिंग्टनने त्याच्यावर फ्रँचाइज टॅग लावला, म्हणजे आम्ही ठरवू तो एका वर्षाचा पगार घे आणि दुसरीकडे जायचं नाही. गिल्बर्ट म्हणाला नाही खेळत जा, आणि अख्खा सीझन घरी बसला. एकही मॅच नाही. पुढच्या वर्षी कॅरोलायनाने त्याला ७ वर्षांचं, ४ कोटी ६५ लाख डॉलरचं काँट्रॅक्ट दिलं आणि वॉशिंग्टनला ड्राफ्टमधले दोन फर्स्ट राउंड पिक, म्हणजे निवडीच्या पाळ्या, देऊन त्याला नेलं. तेव्हा भाचा बारा-तेरा वर्षांचा. ज्या पोराने मामाला हे करताना बघितलंय आणि आजूबाजूला एका कंपनीच्या भरवशावर बसलेलं गाव बघितलंय, त्याला 'टीमशी निष्ठा' वगैरे सांगायला कोण जाणार?

अवांतर: २००३ ला शाळेकडून स्टेट फायनल. आलिक्विपा ३२, नॉर्दर्न लीहाय २७. आलिक्विपाचे पाचही टचडाउन (बॉल समोरच्याच्या गोललाइनपलीकडे नेणं) ह्या एकट्याचे, कधी बॉल घेऊन पळत, कधी किक परतवत. मग इथेच पिट युनिव्हर्सिटीत आला. २००६ ला वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध त्याने एक पंट (समोरच्याने लांब लाथाडलेला बॉल) ७३ यार्ड परतवली, ती यूट्यूबवर शोधून बघाच, एका ठिकाणी त्याला चार-पाच जणांनी जवळजवळ धरलेला असतो आणि तिथून तो बाहेर पडतो, पुढे डेरेक किंडर एका धडकेत दोघांना आडवं करतो. मॅच हरलो आपण, ४५-२७. पण ती पंट अजून लोक काढून बघतात.

अडाणी_प्रेक्षक:

पांडुशेठ हे भारी लिहिलंत. मामाचं माहीतच नव्हतं.

मेटलाइफचा_वारकरी:

+१ पांडू.

नंदिनीताई, २०१० चं पण पूर्ण सांगा ना. त्या वर्षीचा त्याचा पगार होता १० लाख डॉलर. ऑकलंडचा न्नाम्दी आसोमुघा वर्षाला १ कोटी ५० लाखाच्या वर घेत होता. लीगमधला सगळ्यात चांगला कॉर्नर कोण ह्यावर तेव्हा कोणाचंच दुमत नव्हतं आणि तो एक-दशांशाच्याही खाली खेळणार? एनएफएलमधलं, म्हणजे ह्या लीगमधलं, काँट्रॅक्ट म्हणजे एका बाजूचा कागद आहे. खेळाडूने मध्ये सोडायचं नाही पण टीमला वाटलं की उद्या सकाळी फोन करून सांगतात, सामान घेऊन जा. गॅरंटीड लिहिलंय तेवढेच पैसे खरे. मग खेळाडूच्या हातात एकच हत्यार उरतं, कॅम्पला न जाणं.

शेवटी ते मिटलं कुठे तर अपस्टेट न्यूयॉर्कमध्ये रॉस्को गावातल्या एका डायनरमध्ये. रेक्स रायन आणि मालक वूडी जॉन्सन स्वतः गाडी काढून गेले त्याला भेटायला. ४ वर्षं, ४ कोटी ६० लाख, त्यातले ३ कोटी २० लाख गॅरंटीड. शेकडो कोटींचा मालक आणि कोच हायवेवरच्या डायनरमध्ये बसून एका पंचवीस वर्षाच्या पोराची समजूत काढतायत. मला तर हा सीन त्याच्या कुठल्याही इंटरसेप्शनपेक्षा जास्त आवडतो.

पण होल्डआउटची किंमतही मोजली त्याने. कॅम्प नाही, अंग तयार नाही, दुसऱ्याच मॅचला रँडी मॉसने एका हाताने कॅच घेऊन टचडाउन केला आणि त्याच धावेत ह्याची मांडीमागची हॅमस्ट्रिंग गेली.

नंदिनी_फॉक्सबरो:

तो मॉसचा कॅच! तेवढ्यासाठी हा धागा वाचला हाहा. ती मॅच तुम्ही जिंकलात ते सांगू नका, माहितीये.

पैशाचं पटलं थोडं. पण आमच्याकडे तो काय खेळला तेही ऐका. २०१४ ला १ कोटी २० लाखावर आला. आमचा कोच बेलिचिकने त्याला नेहमी नंबर एकच्या मागे लावलंच असं नाही. कोल्ट्सविरुद्ध टी वाय हिल्टनवर कायल आरिंग्टन आणि वर सेफ्टी असे दोन लोक, आणि रीव्हिस दुसऱ्या रिसीव्हरवर एकटा. म्हणजे एक नंबरला दोघे मिळून बांधायचं आणि दोन नंबरला रीव्हिसने खाऊन टाकायचं. क्वार्टरबॅककडे उरतं काय? हे रेक्स रायनच्या डोक्यात का आलं नाही कोण जाणे.

सुपर बोलमध्ये डग बाल्डविनने त्याच्यावर टचडाउन केला हे खरं, पण तो रिप्ले बघा, अंपायर मध्ये उभा होता आणि रीव्हिस त्याच्याभोवती अडकला. बाल्डविनचा अख्ख्या मॅचमधला तो एकच कॅच, ३ यार्डांचा. त्यावर त्याने जे अश्लील सेलिब्रेशन केलं त्याचा दंड वेगळा.

आणि मॅच संपवली कोणी तर माल्कम बटलरने, वेस्ट अलाबामाचा, ड्राफ्टमध्ये कोणी घेतलाही नव्हता असा पोरगा. गोललाइनवर शेवटच्या वीसेक सेकंदात. तिथेही लोक बटलर बघतात पण त्याच्या पुढे ब्रँडन ब्राउनरने जर्मेन कर्सला जागेवरच अडवून धरलं नसतं तर बटलरला वाटच मिळाली नसती. एका प्लेमध्ये दोन कॉर्नरबॅक आणि नाव एकाचंच.

तात्या_टॅम्पा:

आमच्या वर्षाबद्दल कोणी बोलेना म्हणून मीच बोलतो. २०१३. सप्टेंबर २०१२ ला मायामीत त्याच्या डाव्या गुडघ्याचा एसीएल (लिगामेंट) गेला होता, कोणी हातही लावला नव्हता, नुसता वळताना. असल्या गुडघ्याच्या माणसासाठी आमच्या बक्सने १३ वा पिक दिला, वर पुढच्या वर्षीचा एक पिक, आणि त्याला ६ वर्षांचे ९ कोटी ६० लाख. कागदावर! गॅरंटीड त्यातला एक छदाम नाही. वर्षाला १ कोटी ६० लाख, आवडलं तर ठेवू नाहीतर रामराम.

आणि आणून काय केलं तर बऱ्याच वेळा झोन खेळवला. म्हणजे माणसामागे न जाता आपापली जागा राखायची. ज्या माणसाची ख्याती एकास एक भिडण्याची, त्याला जागा राखायला उभा केला. टीम ४-१२. कोच शियानो गेला, लव्ही स्मिथ आला, त्याचा तर सगळा डिफेन्सच झोनचा. मार्च २०१४ ला सोडून दिला. तो रोस्टरवर राहिला असता तर जेट्सला चौथ्या राउंडऐवजी तिसऱ्या राउंडचा पिक द्यावा लागला असता, हा हिशोब पण त्यात होता. त्याच दिवशी पेट्रियट्सने उचलला. नंदिनीताई म्हणतात पैसा दिसेल तिकडे, अहो इथे तर टीमनेच काढला.

तुमच्या जेट्सने त्या १३ व्या पिकवर शेल्डन रिचर्डसन घेतला, तो डिफेन्सिव्ह रुकी ऑफ द इयर झाला. आम्हाला काय मिळालं? जर्सी. माझ्या कपाटात आहे अजून, कोणाला हवी असेल तर सांगा.

कोपऱ्यातला_अभ्यासू:

धागा उशिरा बघितला. सगळे पैसा आणि टीमवर बोलतायत, तो करायचा काय ह्यावर कोणीच नाही म्हणून लिहितो.

त्याचा वेग काही अफाट नव्हता. डिऑन सँडर्स चुकला तरी पळून पकडायचा, रीव्हिसला ती चैन नव्हती. मग तो जिंकायचा पहिल्या दोन पावलांत. प्ले सुरू व्हायच्या आधी तो रिसीव्हरच्या तोंडासमोर हातभर अंतरावर उभा असतो, गुडघे वाकलेले, वजन पायाच्या चवड्यावर, नजर डोळ्यांवर नाही, कमरेवर. डोकं फसवतं, खांदे फसवतात, कंबर जिकडे जाते तिकडेच माणूस जातो. बॉल स्नॅप झाला की सामान्य कॉर्नर दोन्ही हात घेऊन रिसीव्हरवर तुटून पडतो, बसला धक्का तर बसला, नाही बसला तर रिसीव्हर बाजूने पसार आणि मागे मोकळं मैदान. रीव्हिस तुटून पडायचाच नाही. तो थांबायचा. रिसीव्हर डावीकडे उजवीकडे पाय नाचवतोय तोपर्यंत हा फक्त छोटी छोटी पावलं टाकत बाजूला सरकतो, आणि रिसीव्हरने एकदा खरोखर दिशा घेतली की मग लांबचा हात त्याच्या छातीवर. लांबचा हात, जवळचा नाही, कारण जवळचा लावला तर आपलीच कंबर उलटी वळते.

पुढची पायरी साइडलाइन. तिथे रेषेच्या बाहेर पाय पडला की कॅच बाद. रीव्हिस रिसीव्हरच्या अंगाला अंग लावून पळता पळता त्याला इंचाइंचाने बाहेर सरकवत न्यायचा, धक्का नाही, काही नाही, रेफरीला दिसण्यासारखं काहीच नाही, आणि बॉल येतो तेव्हा रिसीव्हरकडे पाय ठेवायला फूटभर जागा. क्वार्टरबॅकला तिथे बॉल टाकायचा म्हणजे सुईत दोरा. मग टाकतच नाही.

आणि तिसरं म्हणजे मान वळवण्याची वेळ. क्वार्टरबॅककडे पाठ, बॉल मागून येतोय, कधी वळायचं? लवकर वळलास तर रिसीव्हर सुटतो, उशिरा वळलास तर फ्लॅग. तो रिसीव्हरचे हात वर येण्याची वाट बघायचा आणि मग बॉल शोधायचा. २०११ ला मायामीविरुद्ध ब्रँडन मार्शलसाठी टाकलेला पास गोललाइनवर घेऊन तो १०० यार्ड पळाला त्याचा रिप्ले बघा. लोक ते १०० यार्ड बघतात. मी म्हणेन त्याच्या आधीची दोन सेकंद बघा.

अडाणी_प्रेक्षक:

कंबर बघायची हे आवडलं, आता कबड्डीतही बघेन :) मग शर्मन आणि रीव्हिसमध्ये कोण? त्यांची ट्विटरवर जुंपली होती ना?

कोपऱ्यातला_अभ्यासू:

हो, २०१३ च्या फेब्रुवारीत. रिचर्ड शर्मनने स्वतःचे इंटरसेप्शन नाचवले आणि रीव्हिसला डिवचलं, तो तेव्हा गुडघ्याचं ऑपरेशन होऊन बसलेला. शर्मन ग्रेट आहे, पाचव्या राउंडला १५४ वा गेलेला माणूस, पण सिएटलमध्ये तो जवळजवळ कायम डाव्या बाजूला उभा राहायचा. समोर येईल तो रिसीव्हर घ्यायचा, मागे सेफ्टी अर्ल थॉमस. कामच वेगळं होतं. एका बाजूचं दार बंद ठेवणं आणि अख्ख्या वाड्यात चोराच्या मागे फिरणं ह्यात अवघड काय ते तुम्हीच ठरवा.

नंदिनी_फॉक्सबरो:

हे मात्र मान्य. आणि चेकबुकचंच म्हणाल तर डिऑन पण १९९४ ला फोर्टीनाइनर्सकडे एक वर्ष, सुपर बोल, लगेच काऊबॉइजकडे, परत सुपर बोल. त्याला कोणी भाडोत्री म्हणालं तर तो हसायचा फक्त. रीव्हिस हसायचा नाही, तोंड मिटून असायचा, म्हणून लोकांना तो जास्त खुपला असं मला वाटतं. मी पण त्यातलीच.

मेटलाइफचा_वारकरी:

ताई तुम्ही इतकं म्हणालात बास :)

आता शेवटचा भाग मलाच लिहावा लागणार. मार्च २०१५ ला तो परत आला. ५ वर्षं, ७ कोटी, ३ कोटी ९० लाख गॅरंटीड. आमच्या मालकाने त्याआधीच डिसेंबरमध्ये प्रेससमोर 'आवडेल की परत यायला' असं बोलून ठेवलं होतं, लीगने त्याबद्दल जेट्सला १ लाख डॉलरचा दंड ठोकला. २०१५ बरा गेला, ५ इंटरसेप्शन. पण शेवटची मॅच बफेलोत, जिंकलो असतो तर प्लेऑफ. आणि बफेलोचा कोच कोण, तर रेक्स रायन! ज्याने त्याला बेटावर सोडला तोच. सॅमी वॉटकिन्सला ११ कॅच, १३६ यार्ड, त्यातले बरेच रीव्हिसवर. आम्ही २२-१७ हरलो, १०-६ होऊन घरी. रायनला कोणापेक्षाही जास्त माहीत होतं की हा पूर्वीचा रीव्हिस राहिलेला नाही, आणि त्याने बॉल मुद्दाम तिकडेच पाठवला.

२०१६ ची पहिली मॅच सिनसिनाटी. ए जे ग्रीन, १२ कॅच, १८० यार्ड. ज्या टीमच्या ओचोसिंकोला शून्यावर ठेवला होता तीच टीम. त्या वर्षी तर क्वार्टरबॅक त्याला शोधत यायचे. बघवायचं नाही. कॉर्नरबॅकचं वय असं दिसतं, अर्ध्या पावलाने. रिसीव्हर आणि त्याच्यात हाताचं अंतर असायचं ते यार्डभर झालं, एवढंच. त्याला सेफ्टी करा अशी चर्चा झाली, काही झालं नाही, मार्च २०१७ ला सोडून दिला. गॅरंटीड पैसे मात्र त्याला घरबसल्या मिळत राहिले.

पिट्सबर्गचा_पांडू:

आणि कॅन्सस सिटी राहिलंच की. नोव्हेंबर २०१७ ला चीफ्सने घेतला, पाच मॅच खेळला. मग प्लेऑफ, टेनेसी टायटन्सविरुद्ध, चीफ्स हाफटाइमला २१-३ पुढे. गोललाइनजवळ मार्कस मारियोटाने पास टाकला, रीव्हिसने तो हाताने बरोबर उडवला, आणि उडालेला बॉल परत मारियोटाच्याच हातात! त्याने स्वतःचाच पास झेलून टचडाउन केला. चीफ्स २२-२१ हरले. रीव्हिसची ती शेवटची मॅच. पास अडवण्यात हयात गेली आणि शेवटी अडवलेला पासही टचडाउन झाला, काय म्हणायचं.

जुलै २०१८ ला रिटायर. २०२३ ला पहिल्याच फेरीत हॉल ऑफ फेम. सात प्रो बोल (लीगमधल्या निवडक खेळाडूंची मॅच), चार वेळा फर्स्ट टीम ऑल-प्रो, त्यातला चौथा नंदिनीताईंच्या टीमकडून, गुडघा जाऊन आल्यावर.

उगाचच_काका:

वाचून मजा आली. आता रविवारी बघायला बसेन म्हणतो, पण मागे एकदा बसलो होतो तेव्हा हे कॉर्नरबॅक प्रकरण टीव्हीवर दिसलंच नाही मला. नुसता ढीग पडलेला दिसतो आणि मग जाहिराती.

कोपऱ्यातला_अभ्यासू:

काका तुमचा दोष नाही, कॅमेरा बॉलच्या मागे असतो. स्नॅप झाला की कॉर्नर आणि रिसीव्हर दोन-तीन सेकंदात फ्रेमच्या बाहेर. बॉल त्यांच्याकडे गेला तरच परत दिसतात, म्हणजे चांगला कॉर्नर टीव्हीवर जवळजवळ नसतोच. त्यासाठी ऑल-ट्वेन्टीटू फिल्म म्हणतात ती बघायची, स्टेडियमच्या वरून घेतलेली, बावीसच्या बावीस खेळाडू दिसतात. लीगच्या पेड ॲपवर मिळते. आवाज नाही, कॉमेंट्री नाही, पण जुन्या सीझनचं काही मिळालं तर २००९ ची ह्यूस्टनची मॅच घ्या, बॉलकडे बघूच नका, नुसता २४ नंबर बघत बसा.

तात्या_टॅम्पा:

काका, ती जर्सी पाठवू का? एक्सएल आहे. पोस्टेज तुमचं.